चार लिटरचा ब्लॉक, भोसरीचे हात

अमेरिकेत जुन्या गाडीला कमी पैशात दांडगी ताकद द्यायची असेल, तर पहिला सल्ला एकच मिळतो: मोठं इंजिन शोधा. शेवरोलेने १९७० साली ४५४ घनइंचाचं, म्हणजे ७.४ लिटरचं, आठ सिलिंडरांचं इंजिन बाजारात आणलं. ते मोटारींत बसलं तसं पुढे कितीतरी वर्षं पिकअप ट्रकमध्येही बसत राहिलं. असा एखादा ट्रक गंजून संपला की त्याचं इंजिन भंगाराच्या भावात उचलायचं, रिंगा-बेअरिंगं बदलायची, जरा तिखट कॅमशाफ्ट घालायचा आणि साठच्या दशकातल्या एखाद्या गाडीत बसवायचं, ही तिथली रूढ पद्धत. या मोठ्या इंजिनांना तिथे बिग ब्लॉक म्हणतात. शेवरोलेच्या लहान ब्लॉकमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतलं अंतर ४.४० इंच, मोठ्यात ४.८४. फरक अकरा मिलिमीटरचा. पण तेवढ्यात मोठा बोअर मावतो, मोठे व्हॉल्व्ह मावतात आणि भिंतीही जाड राहतात.

या सल्ल्यामागे एक हिशेब आहे. तिथे लोखंड स्वस्त आणि माणसाचा तास महाग. मशीन शॉपमध्ये काम जितकं कमी, तितका खर्च कमी. म्हणून आयतं मोठं इंजिन घेणं हीच काटकसर ठरते.

पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्यात हा हिशेब उलटा होतो. इथे माणसाचा तास अजून परवडतो. बोअर करणारा, क्रँक ग्राइंड करणारा, गियरचा तुटलेला दात भरून पुन्हा कापणारा कारागीर अर्ध्या तासाच्या अंतरावर बसलेला आहे. दुर्मीळ आहे ते लोखंडच. जुनं, मोठं, न तडकलेलं पेट्रोल इंजिन या देशात मोजकंच बनलं आणि जे बनलं त्यातलं बरंचसं वितळलं. म्हणून इथे स्वस्तात ताकद मिळवायची, तर हाती आलेला ब्लॉक वाचवायचा, मोजायचा आणि त्याच्या प्रत्येक मापातली चूक काढून टाकायची. अमेरिकेतली पाककृती इथे आणून पैसे घालवणारे हौशी लोक कमी नाहीत. इथली पाककृती वेगळी आहे आणि माझ्या मते ती जास्त अक्कल मागणारी आहे.

आपल्याकडचं मोठं इंजिन कोणतं, हा पहिला प्रश्न. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. या क्रायस्लर घराण्याचं ठरलेलं इंजिन म्हणजे एका ओळीत सहा सिलिंडर आणि व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्येच. डोकं सपाट, म्हणून फ्लॅटहेड. प्लिमथचं इंजिन २१७.८ घनइंचांचं, म्हणजे ३.६ लिटरचं; बोअर सव्वातीन इंच आणि स्ट्रोक चार इंच आणि तीन सूत. डॉजचं त्याच बोअरचं पण पाव इंच जास्त स्ट्रोकचं, २३० घनइंचांचं. ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास. बोअर-स्ट्रोकची ही मापं तोंडपाठ असलेले म्हातारे मिस्त्री मुंबईत अलीकडेपर्यंत भेटत. पेट्रोल महाग झाल्यावर यांतल्या अनेक गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिनं गेली आणि मूळ सहा सिलिंडरी ब्लॉक भट्टीत गेले. प्रीमियर कंपनी मात्र पुढे चिंचवडला सीएनसी मशीन बनवत होती आणि २००९मध्ये तिथेच तिने रिओ ही छोटी गाडी काढली. अमेरिकन मोटारी जोडणाऱ्या कंपनीचा शेवटचा अध्याय याच पट्ट्यात लिहिला गेला, हे इथल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

दुसरं मोठं इंजिन आलं लष्कराच्या वाटेने, आणि या लेखाचा नायक तोच आहे. जोंगा. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निस्सानच्या परवान्यावर बनलेली, निस्सान पॅट्रोल ६० या गाडीची भारतीय आवृत्ती. हे नाव जबलपूर, ऑर्डनन्स, गन कॅरेज, असेंब्ली अशा इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून पडलं. १९९९पर्यंत ती बनत होती. नंतर तिची जागा महिंद्राच्या जीपने आणि मारुतीच्या जिप्सीने घेतली. जोंगाच्या बॉनेटखाली एका ओळीत सहा सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन असतं: बोअर ८५.७ मिलिमीटर, स्ट्रोक ११४.३, एकूण ३९५६ सीसी. ताकद ११० अश्वशक्ती, टॉर्क सुमारे २६४ न्यूटन मीटर. हेच इंजिन लष्कराच्या एक टनी निस्सान ट्रकमध्येही होतं. तिच्या नंतर आलेल्या एमएम ५४० जीपमध्ये पूजोच्या आराखड्याचं २११२ सीसीचं डिझेल होतं, यावरून जोंगाचा आकार कळावा.

११४.३ मिलिमीटर म्हणजे बरोबर साडेचार इंच. जपानी इंजिनात इंचाचं माप कशाला? कारण त्याचं मूळ डेट्रॉईटमध्ये आहे. निस्सानने १९३०च्या दशकात ग्रॅहम-पेज या अमेरिकन कंपनीकडून इंजिनाचे आराखडे आणि यंत्रसामग्री घेतली. सव्वातीन इंच बोअर आणि साडेचार इंच स्ट्रोकचं ते फ्लॅटहेड इंजिन जपानला गेलं. तिथे बोअर वाढून ३९५६ सीसी झालं, मग १९५०च्या दशकाच्या अखेरीस व्हॉल्व्ह ब्लॉकमधून वर, हेडमध्ये गेले. तेच इंजिन जबलपूरला आलं. म्हणजे कुर्ल्याची प्लिमथ आणि जबलपूरची जोंगा एकाच अमेरिकन शाळेत शिकलेल्या. दोघींचा स्ट्रोक लांब, फिरण्याचा वेग कमी आणि खालच्या वेगातली ओढ जबरदस्त. अमेरिकन मापाने हा बिग ब्लॉक नव्हे. पण सामान्य माणसाला लिलावात परवडणारं, चार लिटरचं, व्हॉल्व्ह वर असलेलं दुसरं पेट्रोल इंजिन या देशाने बनवलेलं मला माहीत नाही.

लष्कराने काढून टाकलेल्या जोंगा लिलावात जात. घेणारे शेतकरी, कंत्राटदार, डोंगराळ भागातले वाहतूकदार. लिटरला जेमतेम पाच-सहा किलोमीटर चालणारं पेट्रोल इंजिन ते कशाला ठेवतील? मॅटाडोरचं ओएम ६१६ डिझेल किंवा टाटा ४०७चं इंजिन त्यांत बसवलं गेलं. मॅटाडोरचं ते इंजिन तर आकुर्डीच्या बजाज टेम्पोत मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं, इथलंच. निघालेली पेट्रोल इंजिनं शेडच्या कोपऱ्यात, पावसात, उघड्या तोंडाने पडून राहिली. आज कुणी जोंगाला तिचं मूळ इंजिन परत द्यायला निघालं, की त्याच्या हाती येतो तो असा ब्लॉक. सिलिंडरात गंज, पाण्याच्या वाटा गाळाने भरलेल्या, एखादा पिस्टन जागीच धरलेला.

आता पुनावळ्याकडे. १९९७मध्ये आसपासच्या गावांबरोबर ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला मुंबई-बंगळूर महामार्गाचा बाह्यवळण रस्ता, पलीकडे ताथवडे, मारुंजी आणि हिंजवडी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची शेतं आता वीस-पंचवीस मजल्यांची झाली आहेत आणि भुयारी मार्गातली वाहनांची कोंडी हा गावाचा रोजचा विषय आहे. या इमारतींमध्ये कोण राहतं, ते लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचं. हिंजवडीत संगणकावर इंजिनाचे भाग रेखाटणारा डिझाइन इंजिनियर इथे राहतो. चाकणला क्वालिटी विभागात मायक्रॉन मोजणारा सुपरवायझर इथे राहतो. रावेत-किवळेच्या अंगाने निघालं की देहूरोड, तळेगाव, चाकण त्याच्या हाताशी. उलट दिशेला पिंपरी, भोसरी. मोठ्या इंजिनाची हौस असलेल्या माणसाने राहायला मुद्दाम जागा शोधावी, तर ती हीच निघेल.

अडचण एकच: सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन उतरवता येत नाही. जोंगाचं इंजिन दोघा-तिघांनी हाताने उचलण्यासारखं नसतं. चेनपुली लागते, वर आधार लागतो, खाली तेल सांडतं आणि संध्याकाळी कमिटीची नोटीस येते. म्हणून कुणाच्या तरी उरलेल्या गुंठ्यावरची पत्र्याची शेड भाड्याने घेतली जाते. अशा शेडी आता दर वर्षी एकेका टॉवरसाठी जात आहेत.

साप्ताहिक सुट्टीचा इथला हिशेब मात्र हौशी माणसाच्या पथ्यावर पडतो. भोसरी-चाकणचे बहुतेक कारखाने गुरुवारी बंद, रविवारी चालू. हिंजवडीच्या माणसाला शनिवार-रविवार मोकळा. तो ब्लॉक टेम्पोत घालून रविवारी सकाळी भोसरीला पोचतो तेव्हा लेथ फिरत असतात.

हे कारागीर इथे कुठून आले, ते थोडक्यात सांगायला हवं. खडकीला १९४६मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९६०च्या दशकात मुंढव्याला भारत फोर्ज, कोथरूडला कमिन्स, आकुर्डीला बजाज आणि बजाज टेम्पो, पिंपरीला टेल्को. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवायला भोसरीचे छोटे कारखाने उभे राहिले. आयटीआय करून टेल्कोत टर्नर म्हणून शिकलेला माणूस पुढे स्वतःचा लेथ टाकून जॉबवर्क करू लागला, त्याचा मुलगा आज सीएनसी चालवतो. दोन पिढ्यांची ही मोजण्याची सवय हेच या पट्ट्याचं खरं भांडवल आहे. जोंगाच्या मालकाला ते सुट्ट्या भावात मिळतं.

कामाची सुरुवात ब्लॉक तपासण्यापासून. ब्लॉक गरम कॉस्टिकच्या टाकीत धुऊन निघाला की आधी तडे शोधायचे. चुंबकीय तपासणीची सोय असेल तर उत्तम. नसेल तर रॉकेल आणि खडू. संशयाच्या जागी रॉकेल लावायचं, थोड्या वेळाने कोरडं पुसायचं, वर खडूची पूड फासायची. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीतून वर येतं आणि काळी रेघ उमटते. दोन सिलिंडरांच्या मधली जागा, हेड-बोल्टची भोकं आणि पाण्याच्या वाटेची बाजू या तीन ठिकाणी रेघ शोधायची. बाहेरच्या भिंतीवरचा तडा थंड पद्धतीने, ओवरलॅप होणाऱ्या पिना बसवून शिवता येतो आणि तो टिकतो. सिलिंडरच्या भिंतीतला तडा लाइनर घालून वाचतो. मेन बेअरिंगच्या जागेतला तडा मात्र तिथेच सोडायचा आणि दुसरा ब्लॉक शोधायचा. या निर्णयात भावना आणल्या की पैसे दुप्पट जातात.

मग माप. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आडवा आणि उभा मोजायचा. पिस्टन जिथे वर थांबून परततो तिथे झीज सर्वांत जास्त, कारण तिथे दाब जास्त आणि तेल कमी. झिजलेला सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद आणि शिवाय लंबगोल असतो. गोल रिंग त्यात नीट बसत नाही. दाब खाली निसटतो आणि अश्वशक्ती क्रँककेसमध्ये विरते. रीबोअर का करायचा, याचं उत्तर इथे आहे. अनेकांना वाटतं की बोअर वाढवला की सीसी वाढतात आणि ताकद वाढते. हिशेब करून बघा. जोंगाचा बोअर पूर्ण एक मिलिमीटरने वाढवला तर ३९५६चे ४०४९ सीसी होतात. वाढ ९३ सीसी, अडीच टक्क्यांच्याही आत. पण झिजलेला सिलिंडर गोल झाल्यावर जे कॉम्प्रेशन परत येतं, त्याचा फायदा याच्या कितीतरी पट असतो. मग भिंत उगाच पातळ का करायची? पुढच्या मालकासाठी एक साइझ शिल्लक ठेवणारा मिस्त्री मला जास्त शहाणा वाटतो.

गंजाने खड्डे पडले असतील तर साइझ वाढवूनही भागत नाही. मग लाइनर. इथे महामार्गच कामाला येतो. पुनावळ्यावरून जाणारा रस्ता पुढे साताऱ्याला जातो, जिथली कूपर कंपनी सिलिंडर लाइनर बनवते. आणखी पुढे कोल्हापूर, जिथे शिरोलीला मेनन पिस्टन्स आणि गोकुळ शिरगावला मेनन बेअरिंग्ज आहेत आणि शेकडो फाउंड्र्या ओतकाम करतात. जोंगाचा तयार पिस्टन कपाटात मिळेल असं नाही, पण पिस्टनला तीनच मापं मुख्य: व्यास, गजन पिनची जाडी आणि पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची. पिस्टन कंपन्यांची कॅटलॉगं उशाशी घेऊन ट्रॅक्टर, जीप, टेम्पो यांच्या पिस्टनांत या तीन मापांच्या जवळ जाणारा शोधायचा आणि मग बोअर त्या पिस्टनाला बेतायचा. गजन पिन वेगळी निघाली तर रॉडचा बुश बदलायचा. अमेरिकेतला हौशी माणूस पिस्टन मागवतो. आपला माणूस पिस्टन जुळवतो. त्यात महिने जातात, पण पैसे वाचतात.

बोअर झाला की होनिंग. दगडाच्या तिरक्या रेघा एकमेकींना छेदाव्यात, म्हणजे त्यांत तेल धरतं. इथे एक युक्ती फार थोडे लोक वापरतात. हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक अतिसूक्ष्म का होईना पिळतो आणि मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल असलेला सिलिंडर प्रत्यक्षात गोल राहत नाही. म्हणून होन करताना हेडच्या जागी जाड पोलादी पाट बसवून, बोल्ट ठरल्या टॉर्कला आवळून, मग दगड फिरवायचा. या पाटाला टॉर्क प्लेट म्हणतात; ती परदेशातून आणायची गरज नाही. जाड एमएस पाट भोसरीत कापून, सहा मोठी भोकं बोअर करून, बोल्टची भोकं हेडच्या गॅस्केटवरून आखून घ्यायची. पाट करायला लागणारा खर्च एका चांगल्या टायरइतकाही नसतो, पण रिंगा ज्या तऱ्हेने बसतात तिथे फरक कळतो.

क्रँकशाफ्ट. याच्या जर्नल घासून एकेक साइझ खाली आणता येतात: दहा, वीस, तीस थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरच्या युगातही ग्राइंडरवाले याच मापात बोलतात. बेअरिंगमधली फट साधारण जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ. हे सगळे जाणतात. विसरतात ते कोपरा. जर्नल आणि क्रँकच्या बाजूच्या भिंतीमध्ये एक गोलाई असते. घाईतल्या ग्राइंडरने ती काटकोनात खाल्ली, तर सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो आणि काही हजार किलोमीटरांनी शाफ्ट तिथूनच तुटतो. त्या तुटण्यात ब्लॉकही जातो. ग्राइंडरकडे क्रँक देताना दोन मापं सांगायची: साइझ आणि गोलाईची त्रिज्या. परत घेताना त्रिज्या गेजने बघायची. नीट ग्राइंड केलेला क्रँक हीच या सगळ्या खर्चातली सर्वांत शहाणी गुंतवणूक, असं मी म्हणेन.

मग वजनं. सहाही पिस्टन आणि सहाही रॉड सराफी काट्यावर तोलायचे. रॉडची दोन्ही टोकं वेगळी तोलायची, कारण मोठं टोक गोल फिरतं आणि लहान टोक वरखाली करतं. सर्वांत हलका जो निघेल, त्याच्या बरोबरीला बाकीचे आणायचे. ग्रॅमभराच्या आत आणले की पुरतं. हे काम घरी, फरशीवर बसून, रात्री करता येतं आणि त्याला मजुरी लागत नाही.

इथवर आपण इंजिन नव्यासारखं केलं. आता ताकद. या टप्प्यावर चाकणचं उदाहरण घ्यावं लागतं. बजाजच्या चाकण कारखान्यात केटीएम ३९० बनते. तिचं पहिलं इंजिन ३७३ सीसीचं, ४३ अश्वशक्तीचं. लिटरमागे सुमारे ११५. जोंगाचं लिटरमागे २८. मग जोंगाचं इंजिन चौपट वेगाने फिरवलं की झालं? केटीएमचा स्ट्रोक ६० मिलिमीटर. मिनिटाला ९००० फेऱ्यांवर तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटर. जोंगाचा स्ट्रोक ११४.३, अवघ्या ३८०० फेऱ्यांवरच तिचा पिस्टन साडेचौदा मीटरवर पोचलेला असतो, तेही जड ओतीव पिस्टन आणि लांबलचक क्रँक घेऊन. वेग दुप्पट केला तर रॉड ब्लॉकच्या बाहेर येईल. या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांत शोधायची नसते. १५०० ते ३५०० या पट्ट्यात प्रत्येक फेरीला जास्त हवा भरायची आणि भरलेल्या हवेतून जास्त काम काढायचं.

जास्त काम म्हणजे कॉम्प्रेशन. एका सिलिंडरची पिस्टनने झाडलेली जागा ६५९ सीसी. समजा तुमच्या हेडवर मोजलेलं गुणोत्तर ७ निघालं, तर वर उरलेली जागा ११० सीसी. ते ८ करायचं तर ती जागा ९४ सीसींवर आणावी लागते, म्हणजे १६ सीसी कमी. औषधाच्या सिरिंजने प्रत्येक ज्वलनखोलीत तेल भरून ही जागा मोजता येते. हेड किती घासायचं ते त्यावरून ठरतं. सहाही खोल्या सारख्या करणं हे घासण्याइतकंच महत्त्वाचं. सैद्धांतिक हिशेबाने ७चे ८ केल्यावर कार्यक्षमता साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढते. कमी वाटतं? हे साडेचार टक्के प्रत्येक फेरीला, प्रत्येक थ्रॉटलवर आणि पेट्रोलच्या पैशातही मिळतात. जोंगाचं इंजिन ज्या काळात बेतलं तेव्हाचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं होतं. आजचं जास्त कॉम्प्रेशन सहज सोसतं. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर राहतो. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी. तेवढी हवा, म्हणजे तेवढी ताकद, बोरघाट चढतानाच खाली राहते. कॉम्प्रेशन वाढवून त्यातलं बरंच परत मिळवता येतं.

जास्त हवा म्हणजे हेडमधल्या वाटा. व्हॉल्व्ह सीटला एकाऐवजी तीन कोन द्यायचे, व्हॉल्व्हच्या गळ्यातली ओतकामाची खडबड काढायची, गॅस्केट आणि मॅनिफोल्ड यांची तोंडं जुळवायची. वाट मोठी करायची नाही. कमी वेगाच्या इंजिनात वाट रुंद केली की हवेचा वेग पडतो आणि आहे तो टॉर्कही जातो. सायलेन्सरकडे जाणारा ओतीव मॅनिफोल्ड काढून पाइप वाकवून एक्झॉस्ट बनवणारे भोसरीत आहेत. समोरचे तीन आणि मागचे तीन सिलिंडर वेगळे नेऊन पुढे एकत्र आणले, तर लांब सहा सिलिंडरांना ते मानवतं. कॅमशाफ्ट जुन्याच गाभ्यावर पुन्हा घासून घ्यायचा, तोही अगदी सौम्य. निस्सानने याच ३९५६ सीसीतून पुढच्या पॅट्रोल गाड्यांमध्ये १४५ अश्वशक्ती जाहीर केली होती. आपल्या माणसाने १३०च्या आसपास समाधान मानावं असं मला वाटतं; त्यापुढचा प्रत्येक घोडा आधीच्यापेक्षा महाग पडतो. आणि ताकद वाढवण्याआधी चारही चाकांच्या ड्रम ब्रेकचं काम. तिथे काटकसर नको.

नवी अडचण पंपावर आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला फुगवतं, पाणी ओढतं, टाकीतला गंज सोडवून कार्ब्युरेटरमध्ये आणतं. पंपाचा पडदा, नळ्या, निडल-सीट सगळं इथेनॉल सोसणारं घालावं लागतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्याने जेट सात-आठ टक्के जास्त पेट्रोल देईल असा मोठा करावा लागतो. नाही केला तर मिश्रण पातळ होऊन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. फायदाही आहे: ऑक्टेन वाढतं, म्हणजे वरचं कॉम्प्रेशन आणखी निर्धास्तपणे वाढवता येतं.

या सगळ्या हिशेबात एक दुवा अलीकडे तुटला, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. चिखलीजवळची कुदळवाडी म्हणजे या शहराचं भंगाराचं कोठार. जुन्या गाडीचं टायमिंग कव्हर, बेलहाउसिंग, एखादा न मिळणारा बोल्ट, कापून निघालेला अख्खा गिअरबॉक्स तिथे सापडायचा. आणि कुठल्या गाडीचा कुठला भाग कुठे बसतो, हे तोंडी सांगणारी माणसं तिथे होती. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. तिथे वारंवार आगी लागत, धूर होई, इंद्रायणीचं पाणी बिघडे. नागरिकांची तक्रार खोटी नव्हती. पण सुट्टे भाग वेगळे काढून विकण्याचा धंदा आणि रबर-प्लॅस्टिक जाळण्याचा धंदा यांत फरक करायला हवा होता. ज्या शहरात दर वर्षी इतकी वाहनं बनतात, तिथे जुन्या वाहनांचे भाग सुटे करून विकण्यासाठी नीट आखलेली, पाण्याची आणि आगीची सोय असलेली जागा का नसावी? ती माणसं विखुरली, कुणी गावी गेली. त्यांच्या डोक्यातली ती जुळवाजुळवीची यादी कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही.

कायद्याचंही बघितलं पाहिजे, कारण इंजिनावर घातलेला पैसा त्यामुळे वाया जाऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच जातीचं इंजिन परवानगीने बदलता येतं. भलतंच घातलं तर नोंदणी अडते. जुलै २०२१च्या विंटेज नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या आणि मूळ चासी, बॉडी, इंजिन न बदललेल्या गाड्यांना वेगळी नोंदणी मिळते. क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात आणि नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. म्हणजे मूळ ब्लॉक वाचवणारा माणूस कायद्याच्याही उजव्या बाजूला उभा असतो. डिझेल घातलेल्या जोंगाला मूळ इंजिन परत द्यायचं असेल, तर आधी नोंदणीपुस्तकात कोणता इंजिन क्रमांक लिहिलाय ते पाहून मोशीच्या आरटीओत विचारून यावं, मग टेम्पो बोलवावा. ब्लॉकचा माथा घासायला देण्याआधी इंजिन क्रमांक कुठे कोरलाय तेही ग्राइंडरला खडूने दाखवून ठेवावं. क्रमांक घासला गेला की पुढे सिद्ध काय करणार?

जोडणी शनिवारी, पहिली सुरुवात रविवारी सकाळी, असा बेत सगळेच करतात. रिंगांचं तोंड बोअरच्या दर इंचाला चार थाऊ धरून, म्हणजे सुमारे ०.३४ मिलिमीटर, प्रत्येक सिलिंडरात रिंग सरळ बसवून फिलर गेजने बघायचं. तेलाचा पंप ड्रिलने फिरवून आधी दाब आणायचा, कोरड्या बेअरिंगवर स्टार्टर मारायचा नाही. एकदा सुरू झालं की उभ्या उभ्या तासभर चालू ठेवायची जुनी सवय सोडायची. रिंगा बसतात त्या दाबाने. म्हणून पहिल्याच दिवशी गाडी रस्त्यावर काढायची, जुन्या मुंबई महामार्गाने वडगाव-कामशेतकडे न्यायची, मध्यम थ्रॉटलवर ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. पहिलं तेल लवकर काढायचं आणि ते सफेद कापडातून गाळायचं. चुंबकाला चिकटणारी पूड थोडी असणारच, ती रिंगांची आणि भिंतीची. चमचमणारे, चुंबकाला न चिकटणारे कण दिसले तर ते बेअरिंगचे. मग खालचा चेंबर उघडावाच लागतो. काही दिसलं नाही तर थंड इंजिनावर हेडचे बोल्ट क्रमाने पुन्हा आवळायचे, टॅपेट लावायचे, नवं तेल भरायचं आणि मगच एखाद्या गुरुवारी, कारखाने बंद आणि कंटेनर कमी असताना, तळेगाव-चाकण रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण खाली द्यायचा.